वाढणारे हात

परदेशी जाऊन शिकणे म्हटले, की आपल्या घरांतून आजही दोन-तीनच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. कोणी वैद्यकी शिकायला जातो, कोणी यंत्रविद्या, कोणी संगणकाचे शास्त्र. परंतु पलंगावरची चादर एकही सुरकुती न पडता कशी अंथरावी, पाहुण्याच्या पुढ्यातले ताट कोणत्या बाजूने उचलावे, हे शिकण्यासाठी कोणी घर तारण ठेवून सातासमुद्रापलीकडे जाईल, ही गोष्ट ऐकणाऱ्याला प्रथम हसू आणते आणि मग विचारात पाडते. आम्ही तिघे २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच विद्येसाठी स्वित्झर्लंडला गेलो. आमच्यातली एक इंदूरची, एकजण बडोद्याचा आणि एकजण बेळगावचा. तिघांच्याही घरी मराठी बोलतात. तिघांच्याही उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की दुसरी भाषा सुरू होते. तेथे जाण्यापूर्वी आम्ही एकमेकांस ओळखतही नव्हतो. हा लेख तिघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून त्यात 'मी' कोठे नाही. आमच्या शाळेचे नाव मात्र मुद्दामच देत नाही. तिची भलावण करावी असा हेतू नाही, आणि येथे जे सांगावयाचे आहे ते त्या प्रकारच्या बहुतेक शाळांना लागू आहे.

या शाळा स्वित्झर्लंडमध्येच का निघाल्या, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आल्प्सच्या पायथ्याशी पोहोचली आणि इंग्रज व इतर श्रीमंत प्रवासी हवापालटासाठी त्या डोंगराळ देशात लोटू लागले. सरोवरांच्या काठी मोठमोठी हॉटेले उभी राहिली. पण ती चालवणारी शिकलेली माणसे मिळेनात. तेव्हा झाक चुमी नावाच्या हॉटेल-व्यवस्थापकाच्या पुढाकाराने १८९३ मध्ये लोझान शहराच्या उशी या बंदरावर, एका हॉटेलातच, जगातील पहिली हॉटेलविद्येची शाळा सुरू झाली. १९७५ मध्ये ती शहराबाहेर शाले-आ-गोबे येथे गेली व आजही तेथे आहे. पुढे निघालेल्या शाळांनी तिचाच कित्ता गिरवला.

या व्यवसायाचा आद्यपुरुष सेझार रिट्झ हाही त्याच देशातला. वॅले प्रांतातील नीडरवाल्ड या खेड्यात १८५० मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी तेरावे अपत्य म्हणून तो जन्मला. उमेदवारीच्या काळात एका खानावळवाल्याने त्याला 'हा धंदा तुझ्याच्याने व्हायचा नाही' असे म्हणून काढून टाकल्याची कथा शाळेत पहिल्याच आठवड्यात सांगतात. त्याच रिट्झने १८९८ मध्ये पॅरिसला स्वतःच्या नावाचे हॉटेल काढले. त्याच्या मुदपाकखान्याचा सूत्रधार ऑग्युस्त एस्कोफिए हा १८७० च्या युद्धात फौजेचा आचारी होता. फौजेतली शिस्त त्याने चुलीपाशी आणली. रस्से करणारा निराळा, मासे करणारा निराळा, भाज्यांचा निराळा, गोडाचा निराळा, आणि सर्वांवर एक शेफ, ही वाटणी त्याची. आज जगभरच्या हॉटेलांत तीच चालते.

परंतु घरच्यांना रिट्झचे काय! इंदूरच्या आजींनी बातमी ऐकताच विचारले होते, "अगं, दुसऱ्यांची उष्टीच काढायची तर तेवढं लांब कशाला जायला हवं?" बेळगावच्या वडिलांचे म्हणणे असे, की हॉटेल काढायचे असेल तर खुशाल काढ, पण त्यात शिकायचे ते काय? बडोद्याच्या घरात प्रश्न पैशाचा होता. त्या वर्षी एका फ्रँकला सुमारे सत्तर रुपये पडत. बँकेने कर्ज दिले ते राहत्या घराच्या तारणावर. कागदांवर सही करताना त्याचे वडील काही बोलले नाहीत. फक्त चष्मा पुसून पुन्हा लावला, एवढे त्याने पाहिले.

आमची शाळा जिनिव्हा सरोवराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर होती. त्या सरोवराला तिकडचे लोक लेमान म्हणतात. खाली द्राक्षांचे मळे पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत गेलेले, आणि पलीकडे फ्रान्सचे डोंगर. नोव्हेंबरात सरोवरावर धुके दाटते. मग खालचे गाव दिसेनासे होते आणि वर आपण उन्हात उभे असतो. हा देखावा पाहायला पहिल्या सहामाहीत आम्हांस सवड अशी झालीच नाही.

पहिली सहामाही सारी हातांची. दर आठवड्याला काम बदलते: एक आठवडा मुदपाकखाना, एक भोजनगृह, एक खोल्यांची झाडलोट, एक धुलाई, एक स्वागतकक्ष. शाळेत जे शिजते तेच विद्यार्थी जेवतात आणि विद्यार्थीच वाढतात. सोमवारी ज्याने ऐटीत बसून सूप मागवले, तोच मंगळवारी पांढरा अंगरखा घालून दुसऱ्याला सूप वाढतो. बुधवारी त्याचे हात कोपरापर्यंत भांड्यांच्या साबणात. आमच्या वर्गात मोठ्या हॉटेलमालकांची मुले होती. घरी पाण्याचा पेला स्वतः न उचललेली ही मुले गुडघे टेकून न्हाणीघराच्या फरशा पुसत आणि शिक्षक येऊन नळावर पाण्याचा डाग राहिला आहे का ते वाकून पाहत. डाग दिसला तर रागावणे नाही. फक्त "पुन्हा" एवढा एकच शब्द.

वर्गाला काळा कोट आणि चकचकीत बूट; मुदपाकखान्यात पांढरी टोपी. वेळ म्हणजे वेळ. सकाळच्या पाळीला सहाला हजर व्हायचे तर पाच वाजून पंचेचाळीस मिनिटांनी सारे साहित्य मांडून तयार हवे. या मांडणीला फ्रेंचमध्ये 'मीझ आं प्लास' म्हणतात. म्हणजे प्रत्येक वस्तू आपापल्या जागी. सुरी, फडके, चिरलेला कांदा, मीठ, चव घेण्याचे चमचे, सर्व काही चूल पेटण्याआधी. आपल्याकडे लग्नघरचे आचारी आदल्या रात्रीच नारळ खवून, डाळी भिजवून ठेवतात, ते हेच. बेळगावकराला हे कळले, त्या दिवसापासून त्याची भीती गेली.

असेच भोजनगृहात झाले. काट्यांची जागा डावीकडे, सुऱ्यांची उजवीकडे, पेला सुरीच्या टोकाशी. भरलेले ताट उजवीकडून ठेवावे, थाळीतून वाढायचे असेल तर डावीकडून. या नियमांनी इतर मुले गोंधळून जात. आम्हांस मात्र पंगतीचे पान आठवे: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आणि वरण-भातावर तूप पडल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही. जेवणाऱ्याचा हात न अडखळता जेथे पोहोचावा तेथे पदार्थ असावा, हे दोन्ही पद्धतींमागचे तत्त्व एकच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे ते आईकडून मुलीकडे न बोलता येते आणि तेथे त्याची परीक्षा असते.

एक प्रश्न मात्र सोपा नव्हता. बडोदेकर जन्मापासून शाकाहारी. मुदपाकखान्याच्या आठवड्यात मांस कापणे सर्वांना सक्तीचे. खाण्याची सक्ती नाही, असे शेफनी पहिल्याच दिवशी सांगितले. पण हात लावावा लागणारच. त्याने रात्री घरी फोन केला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शिकायला गेला आहेस तर हात लाव. पण ज्याचा जीव गेला, त्याचा तुकडाही वाया घालवू नकोस." दुसऱ्या दिवशी त्याने कोंबडी कापली, हाडांचे पाणी उकळायला ठेवले, चव शेजारच्या ब्राझीलच्या मुलाने घेतली. कामाच्या शेवटी शेफ कचऱ्याची डबडी तपासत असत. किती वाया गेले यावरही गुण होते. त्याच्या डबड्यात पाहून ते काही बोलले नाहीत, पण पुढल्या वेळी वर्गाला ती डबडी दाखवली. आईचे वाक्य मात्र त्याने शेफना सांगितले नाही.

भाषेची गंमत निराळीच. आम्ही तिघे प्रथम भेटलो तेव्हा मराठी म्हणून जे बोललो, त्यात इंदूरची हिंदी, बडोद्याची गुजराती आणि बेळगावची कानडी मिसळलेली होती. एकच भाजी एकीची 'सब्जी', दुसऱ्याचे 'शाक' आणि तिसऱ्याची 'पल्ल्या'! शेफ तिला 'लेग्यूम' म्हणत. चार नावे झाली तरी घेवडा तो घेवडाच. या सरमिसळीची खंत बाळगणारी वडीलधारी मंडळी आपल्या समाजात आहेत, आणि त्यांचे दुःख आम्ही जाणतो. तथापि स्वागतकक्षाच्या मेजामागे उभे राहिल्यावर या घरगुती शिक्षणाचा उपयोग आम्हांस दिसला. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची भाषा ओळखणे, आपले वाक्य मध्येच वळवून त्याच्या भाषेत नेणे, आणि तसे करताना स्वतःची भाषा न विसरणे, हे एकभाषी प्रदेशातून आलेल्या मुलांना वर्षभर शिकवावे लागले. आमची ती उंबऱ्यावरची रोजची सवय होती.

दुसरी सहामाही हॉटेलातल्या उमेदवारीची. स्वित्झर्लंडमध्ये या व्यवसायाचा मालक-कामगारांचा करार आहे आणि त्यानुसार साधारणतः आठवड्याला ४२ तास काम. १९७४ पासून तेथे वाढण्याची मजुरी बिलातच धरलेली असते. बक्षिसीसाठी कोणी हात पुढे करीत नाही. वाढणे हे काम आहे, उपकार नव्हे, हे त्या देशाने असे कागदावर लिहून ठेवले आहे. याचा अर्थ सारे गोड आहे असा नव्हे. बडोदेकराला ज्या हॉटेलाने स्वागतकक्षातील जागा कबूल केली होती, तेथे पोहोचल्यावर 'ती जागा भरली' असे सांगून त्याला चादरींच्या कोठारात धाडले. सहा महिने तो तेथेच राहिला. तक्रार करावी तर राहण्याचा परवाना त्याच करारावर अवलंबून.

तेथे त्याची वरिष्ठ एक पोर्तुगीज बाई होती. पोर्तुगालमधून कामासाठी आलेली पुष्कळ माणसे त्या देशाच्या हॉटेलांत आहेत. ही बाई वीस वर्षे चादरी घालीत आलेली. दिवसाला बारा-चौदा खोल्या. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायची तिची हातोटी शाळेतल्या शिक्षकांपाशीही नव्हती. निरोप घेताना ती त्याला म्हणाली, "तू सहा महिने गाद्या उचलल्यास. पुढे तू गाद्या उचलणाऱ्यांवर देखरेख करशील. तेव्हा एवढंच ध्यानात ठेव, की पाठ दुखते." आम्ही शाळेत पुष्कळ व्याख्याने ऐकली. माणसांच्या व्यवस्थापनावर याहून नेमके कोणी बोलल्याचे आम्हांस आठवत नाही. शाळा सेवेला शिडीची पायरी म्हणून शिकवते. तिच्या दृष्टीने ती पायरी नव्हती, तेच घर होते. या दोन दृष्टींतले अंतर आम्ही विसरू नये, म्हणून येथे लिहून ठेवीत आहोत.

मग २०२० चा मार्च आला. १३ तारखेला शाळा बंद करण्याचा आदेश निघाला, १७ पासून उपाहारगृहे बंद झाली. युरोपातली मुले आगगाडीने घरी गेली. आम्ही तिकिटे शोधेपर्यंत हिंदुस्थानात येणारी परदेशी विमाने थांबली होती. वसतिगृहात चाळीसेक मुले उरली: लेबनॉनची, पेरूची, व्हिएतनामची, फिलिपिन्सची आणि आम्ही. ज्या व्यवसायासाठी आमच्या घरच्यांनी कर्जे काढली, तो व्यवसायच जगभर एका आठवड्यात बंद पडला. खाली सरोवराकाठी हॉटेलांच्या खिडक्या रात्री काळ्या दिसत. आमच्यातल्या कोणीही ते बोलून दाखवले नाही, पण प्रत्येकाच्या मनात आकडे चालू होते.

मुदपाकखान्यात दोनच माणसे राहिली. त्यांतले एक शेफ. त्यांनी चाळीस जणांना बोलावले आणि एस्कोफिएची वाटणी फळ्यावर लिहिली. कोणी भाज्या, कोणी पाव, कोणी भांडी, कोणी आजारी म्हणून खोलीत ठेवलेल्यांच्या दाराशी ताट नेणे. गुण नाहीत, परीक्षा नाही. दोन मीटरांच्या अंतराने मेजे मांडली आणि पाळीपाळीने आम्ही जेवू लागलो. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे सांगता येईनासे झाले.

२५ मार्चला गुढीपाडवा होता. त्याच दिवशी हिंदुस्थानात टाळेबंदी सुरू झाली. आम्ही पुसण्याच्या दांड्याला इंदूरचे माहेश्वरी उपरणे बांधले, लोट्याच्या जागी दारूच्या मेजावरचे चांदीसारखे हलवणी-भांडे पालथे घातले, कडुनिंबाऐवजी कुंपणाची हिरवी डहाळी, आणि साखरेच्या गाठी म्हणून कॉफीबरोबर देतात ते साखरेचे चौकोनी तुकडे कागदासकट दोऱ्यात ओवले. तिकडे सेरे नावाचा घट्ट चक्क्यासारखा पदार्थ मिळतो. त्याचे श्रीखंड उत्तम होते. चाळीस वाट्या श्रीखंड वाढताना पेरूच्या मुलाने विचारले, हा सण कशाचा? बेळगावकर म्हणाला, "नव्या वर्षाचा." त्यावर तो एवढेच म्हणाला, "मग हे लवकर सुरू होऊ दे."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरच्या आजी गेल्या. शहरात कडक बंदी होती. घरच्या चौघांनी सर्व केले आणि नातीने ते फोनच्या काचेवर पाहिले. त्या संध्याकाळी तिची पाळी भांड्यांची होती. ती वेळेवर खाली आली व पंचा बांधू लागली. व्हिएतनामच्या मुलीने तो तिच्या हातातून काढून घेतला. भोजनगृहाच्या कोपऱ्यात एक मेज मांडले होते. पांढरे कापड, घडी केलेला रुमाल, पाण्याचा पेला, सारे नियमाप्रमाणे. सुतकात गोडधोड करीत नाहीत एवढे बडोदेकराने शेफना सांगितले होते. त्यांनी कारण विचारले नाही. त्यांनी स्वतः वरण-भात आणून ठेवला. लोणी कढवून तूप केले होते. लिंबाची फोड डावीकडे होती. ती जेवली. सवयीप्रमाणे आपले ताट उचलण्यासाठी ती उठली, तोच शेफ उजव्या बाजूने आले, तिचे उष्टे ताट त्यांनी उचलले आणि एक शब्द न बोलता धुवायला नेले.

आजींच्या प्रश्नाला उत्तर देण्याची तिला फार इच्छा होती. ते राहून गेले.

त्याच सुमारास त्सेरमाट या रिकाम्या पडलेल्या पर्यटनगावी मॅटरहॉर्न शिखरावर रात्री दिव्यांनी देशोदेशींचे ध्वज उमटवीत होते; एके रात्री आपला तिरंगाही त्यावर दिसला. ११ मे रोजी उपाहारगृहे पुन्हा उघडली. पुढचे शिक्षण आम्ही कसेबसे पुरे केले. आज तिघेही याच व्यवसायात आहोत. बडोद्याचे कर्ज अजून फिटावयाचे आहे.

या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी मुलगा वा मुलगी हा विषय काढीत असेल, तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली व्यवहाराची. ही विद्या आपल्या देशातही आहे. मुंबईची संस्था, जिला लोक 'दादर केटरिंग' म्हणून ओळखतात, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये निघाली. गोव्यात पर्वरीला तशीच संस्था आहे. परदेशी शाळेची फी भरण्याआधी मुलाला सहा महिने एखाद्या चालत्या मुदपाकखान्यात उभे करावे. पाय दुखूनही तो दुसऱ्या दिवशी हसत गेला, तर मग कर्जाचा विचार करावा. आरंभीचा पगार थोडा असतो, सणवार कामावरच जातात, आणि उमेदवारीचा करार सही करण्यापूर्वी कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा.

दुसरी गोष्ट आपल्या सर्वांची. आपले पूर्वज होळकरांच्या, गायकवाडांच्या चाकरीत, किंवा आणखी कशाने, परक्या भाषेच्या गावी आले तेव्हा ते पाहुणे होते. पुढे त्यांनीच घरे बांधली आणि वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना आठवड्यातला एक-एक दिवस जेवू घातले. अहिल्याबाईंनी तर मुलूख सोडून दूरदूरच्या क्षेत्रांत धर्मशाळा बांधल्या. यजमानपण आपल्याला कोणी शिकवायला नको, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. परंतु त्या पंगतींत वाढणारे हात नेहमी तेच असत, आणि त्या हातांची पाने सर्वांत शेवटी, उरलेल्यावर मांडली जात. आम्ही परदेशी जाऊन जे नवे शिकलो ते एवढेच, की वाढण्याची पाळी सर्वांवर यावी आणि जेवण्याचीही.

गणेशोत्सवात आपल्या मंडळांतून पंगती बसतील. त्या दिवशी मुलींबरोबर मुलग्यांनाही वाढायला उभे करावे, ताटे उचलण्याचे कामही त्यांना द्यावे. आणि सर्वांची जेवणे झाली की वाढणाऱ्यांसाठी पान मांडायला कोणीतरी वडीलधाऱ्याने मागे थांबावे.